ॲप-टॅक्सी, भाडं आणि तक्रारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲपवरच्या टॅक्सी कंपन्यांवर एवढी टीका कशासाठी होते? सोय तर आहेच ना?

सोय आहे, आणि ती कुणी नाकारत नाही. रात्री अकराला स्टँडवर हात जोडत उभं राहण्यापेक्षा घरात बसून गाडी बोलावता येणं ही मोठी गोष्ट आहे. टीका आहे ती माहिती कुणाच्या हातात राहते यावर. एकाच फेरीचे दोन पडदे असतात, एक प्रवाशाच्या मोबाइलवर आणि एक चालकाच्या. प्रवाशाला त्याने भरायची रक्कम दिसते, चालकाला त्याला मिळणारी रक्कम दिसते. या दोन आकड्यांमधलं अंतर किती आणि ते का, हे फक्त कंपनीला ठाऊक असतं. भाडं का वाढलं, गाडी का रद्द झाली, चालकाचा आयडी (ॲपवरचं खातं) का बंद पडला, पैसे परत का आले नाहीत, या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे.

प्रवासी चालकाला लुटारू समजतो आणि चालक प्रवाशाला आडमुठा. दोघं गाडीत भांडतात, आणि ज्याने नियम केले तो त्या गाडीत नसतोच.

बुक करताना दिसणारं भाडं ठरतं कसं?

मूळ हिशोब सोपा आहे : किमान भाडं, किलोमीटरचा दर, वेळेचा दर. त्यावर मागणीप्रमाणे गुणक लागतो, म्हणजे सर्ज. पाऊस सुरू झाला, लोकल बंद पडली, सामना सुटला, की त्या भागातला गुणक चढतो. पूर्वी ‘१.८ पट’ असा आकडा पडद्यावर स्पष्ट दिसायचा. आता एकच ठोक रक्कम दिसते. त्यात सर्ज किती आणि मूळ भाडं किती, हे प्रवाशाला कळत नाही, आणि मर्यादा ओलांडली गेली का हे तपासायचं तर नेमका तोच आकडा लागतो.

सर्जला कायद्याने मर्यादा आहे का?

आहे. केंद्राच्या नोव्हेंबर २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांत सर्ज मूळ भाड्याच्या दीडपट होता. १ जुलै २०२५ला आलेल्या नव्या तत्त्वांनी तो दुपटीपर्यंत नेला. सवलतीच्या वेळी भाडं मूळ दराच्या निम्म्याखाली जाऊ नये, असंही त्यात आहे. मूळ भाडं ठरवण्याचा अधिकार राज्याचा. महाराष्ट्राने २०२५च्या आपल्या धोरणात दीडपटच ठेवलं.

मुंबई महानगर क्षेत्रात सप्टेंबर २०२५मध्ये परिवहन विभागाने ॲप-टॅक्सीसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा दर धरला. काळी-पिवळीच्या २० रुपये ६६ पैशांवर वातानुकूलनासाठी दहा टक्के चढवले की हाच आकडा येतो. पुण्यात जानेवारी २०२४पासून वातानुकूलित टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये ठरले आहेत.

हिशोब घरबसल्या करता येतो. मुंबईत १४ किलोमीटरची फेरी असेल तर १४ × २२.७२ = ३१८ रुपये. दीडपट केले तर ४७७. टोल आणि कर सोडून पडद्यावर ६०० दिसत असतील, तर तो पडदा टिपून (स्क्रीनशॉट घेऊन) जपून ठेवण्यासारखा आहे. याची उलट बाजूही पाहा. तीच फेरी २०० रुपयांत दिसली तर आपल्याला बरं वाटतं, पण ते किलोमीटरला साडेचौदा रुपयेसुद्धा होत नाहीत आणि त्यातूनही कंपनीचा वाटा जायचा असतो. आझाद मैदानावर जुलै २०२५मध्ये चालक बसले होते ते याच स्वस्त दरांविरुद्ध.

महागडा फोन असेल तर भाडं जास्त दाखवतात, हे खरं आहे का?

तशा तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२५मध्ये ओला आणि उबर या दोघांना नोटीस काढली. फोन पाहून दर बदलत नाही, असं दोन्ही कंपन्यांनी सांगितलं.

घरी पडताळून पाहणारे बहुतेकजण एक चूक करतात. दोन फोन दोन खोल्यांत धरून, दोन मिनिटांच्या अंतराने भाडं बघतात. एवढ्यानेही आकडा बदलतो. नीट पाहायचं असेल तर दोन्ही फोन एकाच टेबलावर ठेवा, वायफाय एकच ठेवा, बसण्याची आणि उतरण्याची जागा नकाशावर खूण टेकवून न निवडता पत्ता टाइप करून घ्या, गाडीचा प्रकार तोच ठेवा, कूपन काढून टाका आणि दोन्हीकडे एकाच क्षणी पडदा टिपा. असं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी निदान दहा वेळा करा. तरीही एकच फोन सतत महाग पडत असेल तर तक्रारीला वजन येतं. मात्र जुनं खातं, नवं खातं, किती वेळा गाडी बोलावता, अशा गोष्टींवरून सवलत बदलत असेल तर ते बाहेरून पकडणं अवघड आहे. म्हणूनच चौकशी सरकारी यंत्रणेने आतून करावी लागते.

चालक फोन करून ‘कुठे जायचंय? कॅश की ऑनलाइन?’ विचारतो आणि मग फेरी रद्द करतो. का?

या प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण प्रवाशांचा सगळ्यात जास्त राग यावर असतो.

एक छोटी फेरी घ्या. तुम्हाला चार किलोमीटर जायचंय आणि गाडी तीन किलोमीटरवर आहे. ती सात किलोमीटर धावणार. सीएनजीचा खर्च किलोमीटरला साडेतीन रुपये धरला तर जवळपास २५ रुपये इंधनातच जातात. सरकारी दराने चार किलोमीटरचे ९१ रुपये झाले, त्यातले नियमाप्रमाणे ऐंशी टक्के म्हणजे ७३ चालकाला. इंधन वजा जाता उरले ४८. यायला दहा मिनिटं, सोसायटीच्या गेटवर पाच मिनिटं, फेरीला वीस मिनिटं. पस्तीस मिनिटांचे ४८ रुपये, आणि त्यातून गाडीचा हप्ता, विमा, टायर, सर्व्हिसिंग. हे सरकारी दर मिळाला तर. ॲपने किलोमीटरला १५ रुपयेच दिले असं धरलं तर हाती ३५ उरतात.

रिकाम्या धावेचा पैसा कुणीच देत नाही, म्हणून तो ती टाळतो. कुठे जायचंय हे विचारतो कारण संध्याकाळी सातला त्याला घराच्या दिशेची फेरी हवी असते, किंवा जिथून परत भाडं मिळत नाही तिथे जायचं नसतं. कॅश विचारतो कारण ऑनलाइन पैसे कंपनीच्या खात्यातून फिरून येतात आणि संध्याकाळी गाडीत गॅस तर आत्ताच भरायचा असतो.

याचा अर्थ रद्द करणं योग्य आहे असा नाही. पहाटे चारला विमानतळावर निघालेल्या माणसाला किंवा दवाखान्यात पेशंट न्यायचा असलेल्या घराला हा हिशोब ऐकून काय करायचं? फेरी स्वीकारल्यावर ती नाकारणं चूकच आहे आणि त्याला दंडही आहे. पण दंड वाढवून हे थांबेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी वरचे ४८ रुपये पुन्हा एकदा मोजावेत.

चालक येतही नाही आणि रद्दही करत नाही. मीच रद्द करावं म्हणून थांबून राहतो. मग काय करायचं?

त्याने रद्द केलं तर त्याचं रेटिंग घसरतं आणि इन्सेंटिव्ह (कंपनी वर देते ते बक्षिसाचे पैसे) जातं, तुम्ही केलं तर शुल्क तुमच्यावर. म्हणून हा खेळ चालतो. केंद्राच्या तत्त्वांनुसार योग्य कारणाशिवाय रद्द केल्यास भाड्याच्या दहा टक्के, कमाल १०० रुपये एवढाच भुर्दंड लावता येतो, मग रद्द करणारा चालक असो की प्रवासी. राज्याच्या २०२५च्या धोरणात प्रवाशासाठी तो पाच टक्के किंवा ५० रुपये, यांतला कमी तो, असा आहे.

प्रत्यक्षात असं करा :

नकाशावर गाडी हलत नसेल तर पडदा टिपून ठेवा. घड्याळ आणि गाडीचा क्रमांक दोन्ही दिसले पाहिजेत. ॲपमधल्या चॅटवरूनच ‘दादा, निघालात का?’ असं विचारा. फोनवर बोललेलं राहत नाही, चॅट राहतं. पाच-सात मिनिटांनी पुन्हा एकदा पडदा टिपा. मग रद्द करताना ‘चालकाने रद्द करायला सांगितलं’ किंवा ‘चालक पुढे सरकत नाही’ हे कारण निवडा. ‘माझा बेत बदलला’ हे यादीत बऱ्याचदा वर असतं, घाईत तेच दाबलं जातं आणि शुल्क कायम होतं. शुल्क कापलंच तर त्या फेरीच्या मदत विभागात त्याच दिवशी दावा टाका.

कंपनी चालकाकडून नेमकं किती कापते?

केंद्राची तत्त्वं सांगतात की गाडी चालकाची स्वतःची असेल तर भाड्यातले किमान ऐंशी टक्के त्याला मिळाले पाहिजेत. गाडी कंपनीने घेतलेली असेल तर साठ टक्के. कागदावर हे स्पष्ट आहे. गोंधळ होतो तो ‘कशाचे ऐंशी टक्के’ यावर. प्रवाशाने भरलेल्या रकमेत बुकिंग शुल्क, विमानतळ शुल्क, टोल, पाच टक्के जीएसटी असे बरेच तुकडे असतात. काही तुकडे कंपनी आधीच बाजूला काढते आणि उरलेल्यावर टक्केवारी लावते.

हे बघायचं असेल तर चालकाला विनंती करून पाहा. उतरताना तुमच्या मोबाइलवर ४१० दिसतात आणि त्याच्या मोबाइलवर, समजा, २७५. टोल आणि जीएसटी वजा करून भागाकार करा. आकडा ऐंशीच्या खाली आला तर दोन्ही पडदे एकत्र ठेवलेला पुरावा हा सगळ्यात पक्का. बहुतेक चालक आनंदाने दाखवतात, कारण तुम्ही किती भरले हे त्यांनाही माहीत नसतं.

आता ‘शून्य कमिशन’ आलंय म्हणतात. मग प्रश्न मिटला?

नाही. टक्केवारीऐवजी चालकाकडून रोजचं ठरावीक शुल्क घ्यायचं, अशी ही पद्धत. बेंगळुरूच्या नम्मा यात्री या ॲपने ती रिक्षांमध्ये रुजवली, रॅपिडोने उचलली, उबरने फेब्रुवारी २०२५मध्ये रिक्षांसाठी आणली आणि ओलाने त्याच वर्षी जूनमध्ये सगळ्या प्रकारच्या गाड्यांसाठी जाहीर केली.

जो दिवसाला पंधरा फेऱ्या मारतो त्याचा यात फायदा आहे. जो दुपारी चार तासच गाडी काढतो, त्याला शुल्क भरून फेऱ्या मिळाल्या नाहीत तर तोटा. प्रवाशासाठी मोठा बदल वेगळाच आहे : या पद्धतीत कंपनी म्हणते की आम्ही फक्त सॉफ्टवेअर पुरवतो, भाडं तुमचं तुम्ही बघा. पैसे थेट चालकाला द्यायचे, ॲपवरचा आकडा सुचवलेला. मग ‘ॲपवर ८५ आहेत, पण मी मीटरने घेणार’ किंवा ‘वर वीस द्या’ हे सुरू होतं आणि तक्रार केली तर कंपनी हात वर करते. आमच्या मते जबाबदारी झटकण्याची ही नवी वाट आहे, आणि कमिशनच्या जुन्या वादापेक्षा तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. रिक्षा असेल तर मीटरने जायची मागणी करा. मुंबईत फेब्रुवारी २०२५मध्ये पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये ठरले, मीटरच्या आकड्याहून जास्त द्यायला तुम्ही बांधील नाही.

गाडी लवकर मिळावी म्हणून आधीच टीप मागतात. हे चालतं का?

टीप ही सेवेनंतर, खुशीने द्यायची. आधी मागितली की ती बोली होते : ज्याने वीस जास्त टाकले त्याला गाडी. मे २०२५मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच ‘आगाऊ टीप’साठी उबरला नोटीस काढली आणि ग्राहक व्यवहारमंत्री प्रल्हाद जोशी यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. ग्राहकाला फसवून किंवा घाबरवून निवड करायला लावणाऱ्या ॲपमधल्या युक्त्यांवर नोव्हेंबर २०२३पासून स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत अशा तेरा प्रकारांची नावं दिली आहेत. ‘जादा रक्कम टाका, नाहीतर गाडी मिळणं कठीण’ असं वाक्य पडद्यावर आलं तर तक्रारीत याच तत्त्वांचा उल्लेख करा.

परताव्याचे पैसे बँकेत न देता कूपन देतात. घ्यावंच लागतं का?

नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये प्राधिकरणाने ओलाला आदेश दिला की परतावा बँक खात्यात हवा की कूपन, हे ग्राहकाला निवडू द्या आणि रिक्षाच्या फेरीचीही पावती द्या. कूपन एकदा वापरलं की पैशांचा दावा सुटतो, म्हणून आधी हात लावू नका.

चालकाचा आयडी ब्लॉक होतो म्हणजे काय?

सकाळी लॉगिन करायला गेलं की खातं बंद. कारण म्हणून एखादी ओळ : ‘तक्रार आली आहे’, ‘नियमभंग’. कुठल्या फेरीची, कुणाची, काय, हे कळत नाही. कर्जाचा हप्ता मात्र पाच तारखेला जातोच. एका ॲपवर सगळी कमाई अवलंबून असलेल्या माणसाला ही नोकरीवरून काढल्यासारखीच गोष्ट आहे, पण कंपनीच्या लेखी तो नोकर नाही, ‘भागीदार’ आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ला उबरचा हाच युक्तिवाद फेटाळून चालकांना कामगाराचे हक्क दिले. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. तिच्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम गिग कामगारांच्या (ॲपवरून सुटं काम करणाऱ्यांच्या) निधीत भरायची आहे. पाऊल चांगलं आहे, पण आयडी बंद करण्याआधी बाजू ऐकून घेण्याची सक्ती त्याने होत नाही.

चालकांनी आपल्या फेऱ्यांचा आणि कमाईचा आठवड्याचा अहवाल दर रविवारी उतरवून मेलवर पाठवून ठेवावा. आयडी बंद झाला की ॲपमधला इतिहासही दिसेनासा होतो आणि हातात काहीच राहत नाही.

महाराष्ट्रात या कंपन्यांना रीतसर परवाना आहे का?

इथला इतिहास मोठा गुंतागुंतीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने ‘ॲग्रिगेटर’ (ॲपवरून प्रवासी आणि चालकाची गाठ घालून देणारी कंपनी) ही व्याख्या आली आणि कलम ९३खाली परवाना सक्तीचा झाला. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२२मध्ये सगळ्यांना अर्ज करायला सांगितलं. हा विषय तिथे पोचला तो एका महिला प्रवाशाच्या जनहित याचिकेमुळे. ॲपमध्ये तक्रार करायची धड सोय नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि स्थिती ‘जैसे थे’ राहिली. जानेवारी २०२३मध्ये परवान्याशिवाय चालल्याबद्दल उच्च न्यायालयाने रॅपिडोला सेवा थांबवायला लावली. मार्च २०२४मध्ये पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने ओला आणि उबरचे अर्ज नाकारले, तरी गाड्या धावत राहिल्या. राज्याचं धोरण आणि नियमांचा मसुदा यायला २०२५ उजाडलं. एवढी वर्षं नियम नव्हते याचा दोष कंपन्यांइतकाच सरकारांचाही आहे.

गोव्यात ओला-उबर का दिसत नाहीत?

स्थानिक टॅक्सीवाल्यांचा विरोध. २०१८मध्ये राज्याच्या पाठिंब्याने ‘गोवामाइल्स’ हे ॲप आलं, त्यालाही विरोध झाला. पर्यटकाला महाग पडतं हे खरं. पण बाहेरची कंपनी आली की आधी स्वस्त दर, मग कमिशनवाढ, हे त्यांनी इतर शहरांत पाहिलेलं आहे.

सुरुवातीला फेऱ्या इतक्या स्वस्त का होत्या?

तोटा खाऊन बाजार ताब्यात घेण्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९मध्ये मेरू या टॅक्सी कंपनीच्या तक्रारीवरून उबरविरुद्धची चौकशी थांबवायला नकार दिला, तेव्हा एका फेरीमागे २०४ रुपयांचा तोटा या मुद्द्याचा निकालात उल्लेख होता. स्पर्धा आयोगाने ते प्रकरण नंतर बंद केलं. पण त्या काळात इन्सेंटिव्हच्या आशेवर ज्यांनी कर्ज काढून गाड्या लावल्या, त्यांचे हप्ते इन्सेंटिव्ह आटल्यावरही चालूच राहिले.

पावतीत काय तपासायचं?

टोल. १५ ऑक्टोबर २०२४पासून दहिसर, मुलुंडचे दोन्ही, ऐरोली आणि वाशी या मुंबईच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. पावतीत या नाक्यांचा टोल दिसला तर तो परत मागा. सागरी सेतू आणि अटल सेतूचा टोल मात्र लागतो. त्यानंतर अंतर : नकाशावरच्या रस्त्यापेक्षा दोन-तीन किलोमीटर जास्त असेल तर पावतीतला मार्गाचा नकाशा मोठा करून बघा. चुकीच्या बाजूला पकडलेली सुरुवातीची खूण तिथे लगेच दिसते.

तक्रार कुठे आणि कोणत्या क्रमाने करायची?

पहिली ॲपमध्ये, त्याच फेरीवर. उत्तर यांत्रिक येईल, तरी तक्रार क्रमांक जपा. दुसरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेलने. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तड लावायची असते. नाव आणि मेल ॲपच्या किंवा संकेतस्थळाच्या कायदेशीर माहितीत तळाशी असतं.

महिना वाट बघायची गरज नाही, दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर नोंदवा. लहान रकमांचे परतावे बऱ्याचदा इथेच सुटतात. जास्त भाडं, नकार, गैरवर्तन यासाठी गाडीच्या क्रमांकासह आरटीओला लिहा. तिथे कंपनीच्या नावापेक्षा गाडीचा क्रमांक महत्त्वाचा. एवढं करून न्याय नाही मिळाला तर जिल्हा ग्राहक आयोग : अर्ज ऑनलाइन करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाखल करता येतो. मुदत दोन वर्षं.

गाडीत असुरक्षित वाटलं तर यातलं काहीही करत बसू नका. थेट ११२ लावा. बसण्याआधी नंबरप्लेट आणि चालकाचा चेहरा ॲपशी जुळवून घ्या. ‘ती गाडी गॅरेजला आहे ताई, ही माझ्या भावाची’ असं सांगितलं तर बसू नका, रद्द करताना ‘गाडी वेगळी आली’ हेच कारण निवडा.